आकारातला शब्द आणि त्याचा मध्य

साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टराने कोरलड्रॉ आणि इंकस्केपवर का बोलावे, असे आपल्याला वाटेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले आणि आपण इथेच राहिलो. तेव्हापासून आपली मराठी घरात बोलली जाते आणि भजनात गायली जाते. छापील रूपात मात्र ती मुख्यतः लग्नपत्रिका, दुकानाची पाटी आणि श्रद्धांजलीचा फलक यांवरच दिसते. हे काम करणाऱ्या मुलाला पुष्कळदा मराठी वाचता येत नाही. त्याचा हात तेलुगूवर बसलेला असतो, आणि तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग बहुधा मूळ अक्षराच्या खाली उतरतो. त्यामुळे तो खाली जागा सोडतो. आपल्याला ती वर हवी असते.

गोलात किंवा लंबगोलात शब्द मधोमध बसवणे ही वरवर पाहता दोन कळींची गोष्ट आहे. कोरलड्रॉमध्ये आधी शब्द निवडायचा, मग शिफ्ट दाबून आकार निवडायचा, आणि ‘सी’ व ‘ई’ या कळी दाबायच्या. शेवटी निवडलेली वस्तू जागची हलत नाही, म्हणून आकार शेवटी. इंकस्केपमध्ये हेच काम संरेखनाच्या चौकटीतून होते. शब्दानंतर चुकून स्पेस राहिली असेल तर ती आधी पुसावी. काही प्रोग्राम तीही मोजतात आणि शब्द डावीकडे सरकतो.

पण यंत्राचा मध्य म्हणजे शब्दाभोवतीच्या अदृश्य चौकोनाचा मध्य. देवनागरीत डोळा तो मध्य मानत नाही. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात, आणि डोळा शिरोरेषेपासून खालच्या पट्ट्याला शब्दाचे अंग समजतो. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार त्याच्या वर. उकार, ऋकार खाली.

जैनांचे चिन्ह आपण पाहिले असेल. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने, १९७४-७५ च्या सुमारास, ते सर्व पंथांनी स्वीकारले. त्यातल्या हाताच्या तळव्यावर चक्र आहे आणि चक्राच्या मधोमध ‘अहिंसा’ हा शब्द. समजा, अक्षराचे अंग १० मिलिमीटर आणि वरची वेलांटी ४. चौकोन झाला १४ चा, त्याचा मध्य तळापासून ७ वर. अंगाचा मध्य मात्र ५ वर. म्हणजे यंत्राने मधोमध बसवलेला ‘अहिंसा’ २ मिलिमीटर खाली बसल्यासारखा दिसतो. ‘गुरुकृपा’ लिहिले तर उलट: तिथे उकार आणि ऋकार खाली लोंबतात आणि शब्द वर चढतो. वेलांटीलाही स्वतःचे वजन असते, म्हणून पूर्ण २ सरकवू नये. एखादा मिलिमीटर पुरे. (आमच्या पॅथीप्रमाणे इथेही मात्रा थोडीच द्यावी!)

गोल वरच्या बाजूला अरुंद होत जातो, हेही लक्षात ठेवा. शब्द मोठा केला की टोकाच्या अक्षरांवरची चिन्हे कडेला आधी भिडतात आणि कापली जातात. ‘कुंटे’ यांचा अनुस्वार गेला तर ‘कुटे’ उरतात, आणि ती दोन वेगळी घराणी आहेत. श्रद्धांजलीच्या फलकावर हे झाले तर घरच्यांनी काय करायचे? त्रिकोणात तर आणखी घोटाळा. चौकोनाचा मध्य अर्ध्या उंचीवर येतो, पण त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांशावरच असतो. शब्द तिथे उतरवावा. खाली रुंदीही जास्त मिळते.

देणगीदारांची किंवा पत्रिकेतल्या निमंत्रकांची नावे एका ओळीतल्या लंबगोलांत असतील, तर प्रत्येक नाव वेगळे मधोमध करू देऊ नका. ‘शिरीष’ खाली जाईल, ‘कुसुम’ वर, आणि शिरोरेषा पायऱ्यांसारख्या दिसतील. फाँट आणि आकारमान एकच असेल तर सगळ्या नावांची आधाररेषा एका पातळीत आणावी. शिरोरेषा आपोआप जुळतात. मग सगळी ओळ मिळून वर-खाली करावी. माझ्या मते पाटी नेटकी दिसण्याचे निम्मे काम इथेच होते.

अक्षरांचे कर्व्ह करण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवायला सांगा, कारण नंतर शुद्धलेखन टाइप करून सुधारता येत नाही. आणि नमुना मोबाइलवर पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नका. कागदावर छापून घ्या, घरातल्या मराठी वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्या, आणि त्यांनी बोट ठेवले तिथे मुलाला थोडे वर किंवा खाली सरकवायला सांगा. बाणाच्या कळीने ते दोन मिनिटांत होते.