विमानतळावरील झडती



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो थोड्या वर्षांपूर्वीं आमच्या पनवेल तालुक्यांतील सामान्य माणसाला परका वाटला असता. माझें गांव शिरढोण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव म्हणून आपणांपैकीं पुष्कळांना तें ठाऊक असेल. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें जातांना कर्नाळ्याच्या अलीकडे तें लागतें. या भागांतील माणसाचा दूरचा प्रवास म्हणजे एस. टी. किंवा कोंकण रेल्वे, असा परवांपरवांपर्यंतचा हिशेब होता. आतां नवी मुंबईचा विमानतळ आमच्या तालुक्यांतच आला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून विमानें जाऊं-येऊं लागलीं.

विमान जवळ आलें, तशी विमानतळावरील झडतीही जवळ आली. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळें गांवांतील माणसें अर्ज लिहून घेण्यासाठीं अजूनही माझ्याकडे येतात. तींच आतां विचारूं लागलीं आहेत, “गुरुजी, जातांना जें चाललें, तें येतांना कां चाललें नाहीं? एके ठिकाणीं पायांतले जोडे काढावयास लावले, दुसर्‍या ठिकाणीं त्यांकडे कोणी पाहिलेंही नाहीं. मग खरा नियम कोणता?” प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर दोन भागांत द्यावें लागतें. नियमांतील पुष्कळशा फरकांना कारण आहे, आणि तें कारण जगानें शेंकडों माणसें गमावून शिकलेलें आहे. परंतु तें कारण उतारूला न सांगण्याला, आणि झडती घेतांना त्याचा मान न राखण्याला, कांहींएक कारण नाहीं. माझ्या आजच्या भाषणाचा मथितार्थ एवढाच आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईंत जुहूला उतरले, तेव्हां झडतीचा प्रश्नच नव्हता. पुढें कितीतरी वर्षें विमानाचा उतारू आगगाडीच्या उतारूप्रमाणेंच सरळ चढून बसत असे. विमानें पळवून नेण्याचे प्रकार वाढले, तेव्हां हा मोकळेपणा संपला. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगरहून जम्मूकडे निघालेलें ‘गंगा’ नांवाचें विमान लाहोरला नेण्यांत आलें. अमेरिकेंत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारूची व त्याच्या हातांतील सामानाची तपासणी सुरू झाली. म्हणजे आज आपण जिला जन्मापासूनची मानतों, ती ही पद्धति अवघी पन्नासेक वर्षांची आहे.

तिच्यांत पुढें जी भर पडली, ती एकेका प्रसंगानें पडली. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलें आणि ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. ज्या पेटींत तो बॉम्ब होता, तिचा मालक विमानांत चढलाच नव्हता. पेटी तेवढी गेली. आज एखादा उतारू आयत्या वेळीं आला नाहीं, म्हणजे त्याची पेटी शोधून खालीं उतरवितात आणि तोंपर्यंत आपण विमानांत चुळबुळत बसतों. त्या खोळंब्याच्या मागें तीं ३२९ माणसें उभीं आहेत, हें ध्यानांत आणलें तर चुळबूळ थोडी कमी होईल.

डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून दिल्लीस येणारें विमान कंदाहारला नेण्यांत आलें. त्यानंतर आपल्या विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविण्यास सुरुवात झाली. पहिला मान फेब्रुवारी २००० मध्यें जयपूरला मिळाला. डिसेंबर २००१ मध्यें एका माणसानें जोड्यांत स्फोटक दडवून अमेरिकेस जाणारें विमान उडविण्याचा प्रयत्न केला. त्यामुळें तेथें जोडे काढण्याची सक्ति आली, आणि ती जुलै २०२५ मध्यें उठली. ऑगस्ट २००६ मध्यें पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकें नेण्याचा कट ब्रिटनमध्यें उघडकीस आला, आणि शंभर मिलिलिटरची मर्यादा जगभर पसरली. २५ डिसेंबर २००९ रोजीं एकानें अंगांतील कपड्यांतच स्फोटक लपविलें होतें. त्यानंतर सर्वांग पाहणार्‍या यंत्रांचा प्रसार झपाट्यानें झाला.

आतां फरक कां पडतो, तें पाहूं. १९४४ सालच्या शिकागो करारानें आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना निर्माण झाली. तिनें १९७४ सालीं सुरक्षेसंबंधीं सतरावें परिशिष्ट स्वीकारलें. त्यांत किमान काय असावें, तें सांगितलें आहे. त्यावर किती भर घालावयाची, हें ज्या त्या देशानें ठरवावयाचें. ज्या देशाला जो चटका बसला, त्याची खूण त्याच्या नियमांत राहते. शिवाय यंत्रें निरनिराळीं आहेत. चौकटीचें यंत्र चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्यानें फक्त धातु ओळखतें. सर्वांग पाहणारें नवें यंत्र अतिसूक्ष्म लांबीच्या लहरी वापरतें. ज्या लहरींवरून माझा हा आवाज आपल्या घरीं पोंचत आहे, त्यांच्याच गोतांतल्या त्या आहेत, त्यांत क्ष-किरण नाहींत. पिशवीसाठीं मात्र क्ष-किरणच लागतात. इस्पितळांतील सी. टी. यंत्रासारखें नवें यंत्र जेथें आहे, तेथें पिशवीचें चित्र सर्व बाजूंनीं दिसतें. म्हणून तेथें लॅपटॉप पिशवींतच राहूं देतात, आणि ब्रिटनमधील कांहीं विमानतळांनीं शंभर मिलिलिटरची मर्यादाही काढून टाकली आहे. जुन्या यंत्राच्या विमानतळावर तेंच सामान बाहेर काढून मांडावें लागतें. आपल्याकडे बहुतेक प्रत्येकाच्या अंगावरून हातांतील यंत्र फिरवितात, आणि स्त्रियांसाठीं पडद्याआड स्त्री जवान असतात. पश्चिमेकडे बहुधा यंत्रानें खूण केली तरच हात लावतात. कोणाला बाजूला घ्यावयाचें, हेंही कांहीं वेळां मुद्दाम ठरावीक ठेवीत नाहींत. कारण ठरावीक गोष्ट शत्रूलाही पाठ होते.

हें झालें शास्त्र. पण गृहिणीची अडचण स्वयंपाकघरांतून सुरू होते. माझ्या घरचीच गोष्ट सांगतों. मुलीकडे जातांना पत्नीनें सुक्या खोबर्‍याच्या चार वाट्या पिशवींत घातल्या. एका विमानतळावर त्या बिनबोभाट गेल्या. पुढच्या खेपेस दुसर्‍या विमानतळावर तशाच वाट्या बाजूला काढून टोपलींत टाकण्यांत आल्या. कारण विचारलें, तर “अलाउड नाहीं” एवढेंच उत्तर मिळालें. कोंकणांतल्या बाईला खोबरें हें हत्यार आहे असें कोणी म्हणावें, हें तिला कसें पटावें? ती दिवसभर खिन्न होती. खरी गोष्ट अशी आहे कीं, सुक्या खोबर्‍यांत साठ टक्क्यांहून अधिक तेल असतें, आणि दाबून भरलेलें खोबरें आपोआप तापून पेट घेऊं शकतें. जहाजांवरून खोबरें नेणारांना हें फार पूर्वींपासून माहीत आहे, म्हणून आंतरराष्ट्रीय यादींत तें आपोआप पेटणार्‍या पदार्थांत घातलेलें आहे. हीं दोन वाक्यें तेथें कोणीं सांगितलीं असतीं, तर वाट्या गेल्याचें दुःख उरलें असतें, अपमान उरला नसता. आणि पुढच्या वेळीं तिनें त्या घरींच ठेवल्या असत्या.

आपल्या डब्यांतील दुसरेही पदार्थ असेच आहेत. लोणचें व तूप आपण घट्ट समजतों. तपासणारा तीं द्रवांत मोजतो. अमेरिकेस जाणार्‍या विमानांत, हातांतील पिशवींत साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक पूड असेल, तर ती वेगळी तपासतात आणि खात्री न पटल्यास नेऊं देत नाहींत. हा नियम जून २०१८ अखेर आला. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सार्‍यांनाच तो लागू पडतो. तीं मोठ्या पेटींत घालावीं. उलट विजेचा साठा करणारी पॉवर बँक मोठ्या पेटींत चालत नाहीं, हातांतच ठेवावी लागते. कारण तिनें पेट घेतला तर माणसांच्या डोळ्यांसमोर घेतलेला बरा, तो विझवितां तरी येतो. सिगारेट पेटविण्याचा लाइटर अमेरिकेंत एक जवळ बाळगतां येतो. आपल्याकडे लाइटरही नाहीं आणि काड्यांची पेटीही नाहीं. शीख उतारूला देशांतल्या देशांत, पातें सहा इंचांपर्यंत व एकंदर लांबी नऊ इंचांपर्यंत असलेलें कृपाण नेतां येतें. देशाबाहेर जातांना ही सवलत नाहीं.

माणसांच्या बाबतींतही हे दोन नियम कसे एकमेकांवर आदळतात, याचें उदाहरण एप्रिल २००९ मध्यें दिल्लीस घडलें. माजी राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांची एका अमेरिकन विमानकंपनीच्या नोकरांनीं विमानांत चढण्यापूर्वीं झडती घेतली. आपल्या नियमाप्रमाणें ते तपासणींतून मुक्त होते. कंपनीच्या देशाच्या नियमांत अशी सूट नव्हती. पुढें कंपनीनें क्षमा मागितली. कलामांनीं मात्र त्या वेळीं ब्रही काढला नाहीं. त्यांची शालीनता मोठी होती. परंतु प्रत्येक उतारूच्या शालीनतेवर विसंबून पद्धति चालवितां येत नाहीं.

ऑक्टोबर २०२१ मध्यें मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनीं दुसरी बाजू जाहीरपणें मांडली. अपघातानंतर पाय गमावूनही कृत्रिम पायावर त्यांनीं नृत्य केलें, हें सार्‍या देशाला ठाऊक आहे. विमानतळावर दरवेळीं तो पाय काढून दाखवावा लागतो, ही त्यांची व्यथा होती. सुरक्षा दलानें त्यांची क्षमा मागितली. त्या नामांकित होत्या म्हणून त्यांचें म्हणणें ऐकूं गेलें. ज्यांच्या गुडघ्यांत धातूचा सांधा बसविला आहे, अशीं किती वृद्ध माणसें चौकटींत शिरतांच यंत्र वाजल्यामुळें गोंधळून उभीं राहत असतील! त्यांचें म्हणणें कोणाला ऐकूं जातें?

महाराष्ट्राला झडतीचा धडा एकदां फार महाग पडला आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग पसरला, तेव्हां रोग्याला वेगळें ठेवावें आणि प्रवाशांची तपासणी करावी, या उपायांमागें वैद्यकाचा आधार होता. परंतु रँडच्या अमलाखालीं गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर पाहिलें नाहीं, माजघर पाहिलें नाहीं, बायकांचा संकोच पाहिला नाहीं. लोक रोगापेक्षां तपासणीला अधिक भिऊं लागले आणि आजारी माणसें लपवूं लागले. म्हणजे ज्या कामासाठीं झडती होती, तेंच काम झडतीनें बिघडविलें. आजचा जवान आपल्यांतलाच आहे. दिवसभर उभा राहून तो आपल्या प्राणांसाठींच राबतो. त्याची त्या सोजिरांशीं तुलना करण्याचा माझा हेतु नाहीं. पण तत्त्व तेंच आहे. ज्याची झडती घ्यावयाची, त्याचें मन बरोबर असेल, तर तो स्वतः होऊन खिसा उलटा करून दाखवितो. मन दुखावलें कीं तोच माणूस लपवालपव शिकतो.

म्हणून मागावयाचें तें एवढेंच मागावें. काय चालतें व काय चालत नाहीं याची पाटी मराठींत असावी, आणि प्रत्येक वस्तूपुढें एका ओळींत कारण असावें. एका देशांतील सर्व विमानतळांवर एकाच वस्तूला एकच उत्तर मिळावें. आजारी व वृद्ध माणसाला बसण्यास खुर्ची व तपासणीस आडोसा मिळावा, आणि तो मागावा लागूं नये. यांत सुरक्षिततेला बाध येईल असें कांहीं नाहीं, आणि खर्च तर फारसा नाहींच.

आपणही आपली बाजू सांभाळावी. निघण्यापूर्वीं ज्या देशांतून व ज्या देशांत जावयाचें, त्या दोहोंचे नियम पाहावे. वाटेंत विमान बदलावयाचें असेल, तर तेथेंही झडती होते, हें विसरूं नये. हृदयांत पेसमेकर असेल किंवा सांध्यांत धातु असेल, तर यंत्र वाजण्यापूर्वींच सांगावें आणि डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा. पेसमेकरवर हातांतील यंत्र धरून ठेवूं देऊं नये. बॉम्ब या शब्दाची थट्टा तेथें करूं नये. ती थट्टा कोणी थट्टा म्हणून ऐकत नाहीं. आणि नकार मिळाला, तर भांडण्याऐवजीं शांतपणें कारण विचारावें. शंभर माणसांनीं रोज सभ्यपणें कारण विचारलें, म्हणजे कारण सांगण्याची संवय आपोआप लागते. शाळेंत मीं हें अनुभवलें आहे. ‘कां’ विचारणारीं मुलें वर्गांत असलीं, कीं गुरुजींना धडा नीट वाचून यावें लागतें.