काळा पतंग आणि गिरणीचा धूर



जीवशास्त्रावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला बोलावला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर आम्हाला दिसतो आहे. तो रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि थोरली मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली तेव्हा तिच्या पुस्तकांवर. ती निजली की आम्ही शब्दकोश घेऊन बसत असू. या नादाला एक कारण घडले होते.

सूतगिरणीतल्या वेतनकराराच्या बैठकीत रुईच्या धुळीचा विषय निघाला. धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवा, ही आमची मागणी. समोरचे व्यवस्थापक चांगले शिकलेले. ते हसून म्हणाले, "अहो, परिस्थितीशी जुळवून घेतो तो टिकतो. हा निसर्गाचाच नियम आहे, डार्विनने सांगितलेला." आम्हाला उत्तर सुचले नाही. गप्प बसून परत आलो. आज सांगणार आहोत ते सगळे त्या उत्तराच्या तयारीसाठी वाचलेले आहे.

इंग्लंडात बिस्टन बेट्युलारिया नावाचा एक पतंग आहे. पतंग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी आपल्या दिव्याभोवती घिरट्या घालतो तसलाच. रात्री उडायचे आणि दिवसभर झाडाला चिकटून निश्चल बसायचे, हा त्याचा क्रम. पांढुरक्या पंखांवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. तिकडच्या झाडांच्या सालीवर दगडफूल वाढते, आपल्या घरच्या मसाल्यात पडते त्याच जातकुळीचे. त्यावर हा बसला की पक्ष्याला सहसा दिसत नाही. १८४८ साली मँचेस्टरला याच जातीचा एक संपूर्ण काळा पतंग सापडला. नवलाची वस्तू म्हणून त्याची नोंद झाली. १८९५ च्या सुमारास त्याच भागात शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक पतंग काळेच मिळू लागले. याची पिढी वर्षाला एक. म्हणजे पन्नासेक पिढ्यांत सगळी जात उलटीपालटी झाली.

मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस त्या भागातल्या गिरण्यांनी कातलेला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली होती तेव्हा तर फारच. त्या गिरण्यांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर निघे. धुरातल्या गंधकाच्या वायूने दगडफूल मेले आणि उघड्या पडलेल्या सालीवर काजळी बसली. पांढुरका पतंग आता लांबूनही उठून दिसू लागला. कोळशाचा परिणाम दगडफुलावर, त्याचा पक्ष्याच्या नजरेवर आणि तिचा पतंगाच्या रंगावर, अशी ही साखळी आहे.

आता मुख्य गोष्ट. पतंग काजळी लागून काळा झाला नाही, की काळे होण्याचे शिकलाही नाही. २०१६ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी या रंगाचे मूळ शोधून काढले. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात सुमारे २२,००० अक्षरांचा एक तुकडा दुसरीकडून उडी मारून घुसलेला आहे. हे १८१९ च्या आसपास केव्हातरी घडले असावे, असा त्यांचा हिशेब. गरज पडली म्हणून नव्हे, तर नकलताना चूक व्हावी तसे हे घडले. आईबापांपैकी एकाकडून जरी तो तुकडा आला तरी संतती काळी होते. आनुवंशिकतेचे हे गणित मेंडेलने १८६६ मध्ये छापले, पण १९०० पर्यंत जगाने त्याकडे पाहिले नाही, आणि डार्विन तर ते न कळताच गेला.

पक्षी पतंग वेचून खातात, त्यामुळे रंग बदलला, ही कल्पना टट यांनी १८९६ मध्ये मांडली. १९२४ मध्ये हाल्डेन यांनी आकडेमोड करून दाखवले की, हा पालट इतक्या लवकर व्हायचा तर काळ्या पतंगांची संतती पांढुरक्यांच्या दीडपट उरली पाहिजे. या हाल्डेनांबद्दल आम्हाला आपुलकी आहे. त्यांचे वडील खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करीत. हे स्वतः १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पुढे केटलवेल यांनी खुणा केलेले पतंग रानात सोडून पुन्हा पकडले. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात काळे दुप्पट प्रमाणात परत मिळाले, तर १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात उलटे झाले. आक्षेपही निघाले: पतंग दिवसा खोडावर सोडले, ते स्वतः बहुधा फांद्यांवर बसतात. तेव्हा मेजरस यांनी केंब्रिजला २००१ ते २००७ अशी चिकाटीने ४,८६४ पतंगांवर परीक्षा केली. तिथली हवा स्वच्छ होती, आणि पक्ष्यांनी काळेच अधिक खाल्ले. २००९ मध्ये ते वारले; निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापले.

तर मग जुळवून कोणी घेतले? एकाही पांढुरक्या पतंगाने नाही. तो होता तसाच राहिला आणि खाल्ला गेला. जुळवून घेतले ते जातीने, आणि त्याची किंमत पडली एकेका पतंगाच्या जिवावर. बळी तो कान पिळी असेही काही यात नाही. काळा पतंग गोऱ्याहून बलवान नव्हता. 'योग्यतम तो टिकतो' हे शब्द तरी मुळात स्पेन्सर यांचे, १८६४ चे. डार्विनने ते मागाहून उचलले.

आम्ही अठराव्या वर्षी गिरणीत लागलो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होई, पुढे आठवडाभरात जरा उतरे. मुकादम म्हणे, "सवय होते. गूळ खा." या रोगाला बिसिनोसिस म्हणतात हे पुष्कळ पुढे कळले. आठवड्यात वाटणारा तो उतार म्हणजे सवय नव्हे. फुप्फुस वर्षानुवर्षे खंगतच असते. पतंगाच्या हिशेबाने पन्नास पिढ्या मोजल्या तर माणसाला साडेबाराशे वर्षे लागतील. तेवढे मागे गेलो तर वेरूळला कैलास लेणे कोरले जात असलेले दिसेल. आणि तेवढे थांबूनही उपयोग नाही. दमेकरी कामगार खचतो तो चाळिशी-पन्नाशीत, तोवर त्याची मुलेबाळे झालेली असतात. निसर्गाला निवड करायला तिथे जागाच नाही.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनच्या धुरकट धुक्याने हजारो माणसे मेली, तेव्हा कुठे १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लिव्हरपूलजवळ कॅल्डी येथे १९५९ मध्ये शंभरांतले नव्वदांहून अधिक पतंग काळे होते. १९९४ पर्यंत ते विसांच्या आत आले.

आमच्या गिरणीत धूळ ओढणारी यंत्रे बसली ती त्या बैठकीनंतर तीन वर्षांनी, दोन संपांनंतर. ते व्यवस्थापक तोवर बदलून गेले होते. त्यांना उत्तर द्यायचे राहिले ते राहिलेच.