चेहरा आणि नाव

मार्कंड्याच्या देवळांवरील दगडी मूर्ती भाविक नावानिशी ओळखतात. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या त्याच काठावर जंगलातील गोंड, माडिया यात्रेकरू येतात. त्यांचा चेहरा ग्रंथांत कसा उतरला?

रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर 1916 साली चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांची छायाचित्रे आहेत. खाली मजकूर असा : दळण दळणाऱ्या गोंड स्त्रिया, बांबूच्या गाड्या घेऊन बाजारात आलेले गोंड. जमात आहे, काम आहे. माणसाचे नाव नाही. धुरंधरांसारख्या कसलेल्या चित्रकारानेही रॉथफील्डच्या पुस्तकासाठी रंगविलेल्या स्त्रिया जाती-प्रांतांच्या नावांनीच छापल्या गेल्या. साहेबाला नमुने हवे होते!

युक्रेनचा तारास शेवचेन्को 1814 साली भूदास म्हणून जन्मला. ब्र्युलोव या चित्रकाराने कवी झुकोव्स्कीचे व्यक्तिचित्र काढले, त्याची सोडत झाली आणि त्या 2500 रूबलांत 1838 साली शेवचेन्कोची सुटका झाली. एका प्रतिष्ठिताच्या चित्राची किंमत तीच एका जिवंत माणसाची! सुटलेल्या शेवचेन्कोने 1842 साली रंगविली ती अनवाणी, गरोदर, शिपायाने फसविलेली खेड्यातली मुलगी. ती त्याच्याच काव्यातली. पण तिला नाव आहे, कातेरिना. अंगावरचा युक्रेनी पोशाख तिचा स्वतःचा वाटतो, प्रदर्शनासाठी चढविलेला नव्हे. 1847 साली झारने त्याला हद्दपार केले तेव्हा लिहिण्याबरोबर चित्रे काढण्यासही बंदी घातली.

चळवळीच्या पत्रकांतही छायाचित्राखाली अजून ‘एक आदिवासी महिला’ एवढेच छापले जाते. कार्यकर्त्याने आधी संमती घ्यावी, मग नाव विचारावे. माडिया येत नसेल तर दुभाषी बरोबर न्यावा.