अर्धे सत्य
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वारणानगर येथे दिलेले भाषण)



कोडोली येथून अगदी जवळ. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने तेथे कार्य केले, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबे या टापूला नवखी नाहीत. परंतु असत्याविषयी त्यांचा धर्म काय सांगतो, याची विचारपूस आपण क्वचितच केली असेल. आज ती करावी असा मानस आहे.

मोशेच्या दहा आज्ञांत खोट्या साक्षीस मनाई आहे. येशूने पुढे जाऊन शपथच वर्ज्य ठरविली. शपथ घ्यावी लागते, याचा अर्थ एरवीचे बोलणे कच्चे. (देवाशपथ, आईशपथ हे शब्द आपल्या तोंडून दिवसाकाठी किती वेळा निघतात!) मात्र आम्हांस अधिक विचारात पाडते ती नव्या करारातील हनन्या व सप्पीरा या दांपत्याची कथा. त्यांनी मालमत्ता विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली प्रेषितांच्या चरणी ठेवून ती सगळीच असल्याचे भासविले. पैसा त्यांचाच होता. तो राखून ठेवण्यास पेत्राची हरकत नव्हती. दोष हा, की भागाला त्यांनी संपूर्ण म्हटले. दोघेही तत्काळ गतप्राण झाले. शिक्षा भयंकर खरी. पण उसाच्या वजनावर आणि दुधाच्या मापावर जेथे सहकार उभा आहे, तेथील माणसास त्या अपराधाचे गांभीर्य समजावून सांगावे लागू नये.

खोटे बोलण्यास भयही कारण होते. मुंबईत १८४९ साली निघालेली परमहंस सभा जातिभेद मानीत नसे; पण तिचे सारे व्यवहार गुप्त. सभासद तेथे ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात आणि घरी सोवळे पाळीत. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली व सभा मोडली. त्यांच्या हेतूस आम्ही नावे ठेवीत नाही. समाजाचा धाक काय असतो, हे आपण जाणतो. याच सभेतील बेळगावचे बाबा पदमनजी यांनी मात्र १८५४ साली उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मत पटो वा न पटो, त्यांनी ते लपविले नाही. आपला हा मनःप्रवास त्यांनी पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहिला.

आता आमचेच सांगतो. एका सोयरिकीत आम्ही मध्यस्थ होतो. मुलाची नोकरी सुटल्याचे आम्हांस ठाऊक होते. मुलीच्या वडिलांनी शिक्षण विचारले, घराणे विचारले. नोकरी आहे ना, एवढे विचारायचे राहिले. आम्हीही गप्प राहिलो. लग्नानंतर सारे उघड झाले. ते गृहस्थ आमचे बालमित्र. एका शब्दानेही बोलले नाहीत. पण तेव्हापासून आम्ही काही सांगितले, की ते आणखी दोघांना विचारून घेतात.

आपल्या वधूवर-सूचीसाठी यंदा आमच्या पुतणीचा अर्ज गेला आहे. वयाचा रकाना भरताना घरात दोन दिवस वाद झाला. वडीलधाऱ्यांचे म्हणणे २८ लिहावे. मुलीनेच लेखणी घेतली आणि ३१ लिहिले.