आदेश खरोखर कोणाचा?
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील आपल्यासमोर मांडून झाला आहे. अध्यक्षांच्या अनुमतीने ताळेबंदात न दिसणाऱ्या एका विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला प्रकार आपल्यापैकी अनेकांनी वृत्तपत्रांत वाचला असेल. संस्थेचे प्रमुख श्री. अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला, की अमुक खात्यांवर रक्कम तातडीने पाठवावी. 7 व 8 सप्टेंबर या दोन दिवसांत 1 कोटी 1 लाख रुपयांहून अधिक रक्कम रवाना झाली. पूनावाला यांनी असा संदेश पाठविलेलाच नव्हता, हे मागाहून कळले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, पुढे काहींना अटकही झाली. या प्रकरणात कोणी तिजोरी फोडली नाही. पैसे संस्थेच्याच माणसांनी, नेहमीच्या मार्गाने पाठविले.

यालाच फिशिंग म्हणतात. गळाला आमिष लावून बसलेला माणूस पाण्यात उतरत नाही. मासाच त्याच्याकडे येतो. आमिष कधी लाभाचे असते, कधी भीतीचे, आणि आपल्यासारख्या संस्थांत बहुधा वरिष्ठांच्या नावाचे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी शिकवण आहे. ती चांगलीच आहे. परंतु चोराचे भांडवलही तेच आहे. लेखा विभागातील एखादी मुलगी विश्वस्तांचा संदेश पाहते, ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका’ हे वाक्य वाचते आणि विचारण्याचे धाडस करीत नाही. म्हणून माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे, की रात्री दहा वाजता आमच्या कर्मचाऱ्याने ‘साहेब, हा आदेश आपलाच ना?’ असे विचारले, तर कृपया रागावू नये. तो उद्धटपणा मानू नये. गरीब रुग्ण निधीतील एक रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तर कोणाची तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागेल.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. व्हाउचरवर दोन सह्या असाव्यात, हा धडा आम्ही महाविद्यालयातच घोकला. संगणक आला म्हणून दुसरी सही अनावश्यक झाली, असे मला वाटत नाही. समजा, प्राणवायू पुरविणाऱ्या कंपनीचा ई-मेल आला, की आमचे बँक खाते बदलले आहे. बोधचिन्ह तेच, बिलाचा क्रमांकही बरोबर. फरक असतो तो पत्त्यात. रोमन लिपीतील आर आणि एन शेजारी आले, की घाईच्या नजरेला ते एम दिसतात. पाठविणाऱ्याचे नाव तर कोणालाही हवे ते लिहिता येते; त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा लागतो. खातेबदलाचे पत्र आले, की आपला लेखा विभाग जुन्या फाइलमधील क्रमांकावर दूरध्वनी करतो, त्या पत्रात छापलेल्या क्रमांकावर नव्हे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार आरटीजीएस व एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी पडताळण्याची सोय 2025 पासून झाली आहे. ती न वापरण्यास आता सबब उरलेली नाही.

फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्समध्ये वळविले गेले. अमेरिकी तपासानुसार त्याच्या वर्षभर आधीच त्या बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जासारखे ई-मेल पाठविले गेले होते. आपल्याकडेही परिचारिकांच्या जागेची जाहिरात निघाली, की अर्जांचा ढीग येतो!

आता देणगीदारांविषयी. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होताच त्याच्या यूपीआय पत्त्याची हुबेहूब नक्कल निघाली; फरक एका ‘एस’ अक्षराचा. दिल्ली पोलिसांनी ती उघडकीस आणली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीने मदतीचा केवढा ओघ पाहिला! अशा वेळी दाता पावतीसाठी थांबत नाही. तरीही पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव दिसते का, एवढे अवश्य पाहावे. व्यक्तीचे नाव दिसले तर तेथेच थांबून कार्यालयास कळवावे.

रुग्णांच्या नातेवाईकांची स्थिती अधिक नाजूक असते. आतमध्ये आपले माणूस अत्यवस्थ, आणि फोन येतो, ‘डॉक्टर बोलतोय, इंजेक्शनचे पैसे ताबडतोब पाठवा.’ आपले डॉक्टर फोनवरून पैसे मागत नाहीत. रक्कम खिडकीवर भरावी आणि छापील पावती घ्यावी. इंटरनेटवर शोधलेला रुग्णालयाचा क्रमांकही खरा असेलच असे नाही. भेटीची वेळ देण्यासाठी दहा रुपयांची लिंक पाठविणारा भामटा त्या दहा रुपयांसाठी बसलेला नसतो. वाहनाचा दंड किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके नावाची फाइल आली, तर ती उघडू नये. तिच्यातून शिरलेले अ‍ॅप आपले ओटीपी वाचू शकते. सातारा जिल्ह्यात घरोघरी निवृत्त सैनिक आहेत. हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने कोणी फोनवर ओटीपी विचारला, तर त्यांनी फोन बंद करून थेट बँकेत जावे.

पैसे गेल्याचे ध्यानात येताच 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, पाठोपाठ बँकेला. डॉक्टर मंडळी अपघातानंतरच्या पहिल्या तासाला सुवर्णतास म्हणतात. पोलिसांनीही तोच शब्द उचलला आहे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकत जाते आणि वाटेत गोठविली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम लिहून ठेवावी. आलेला संदेश लाजेपोटी पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. ज्यांना तक्रार लिहिणे जमत नसेल, त्यांना आपल्या समाजसेवा विभागातील कर्मचारी लिहून देतील. त्यासाठी शुल्क नाही.