शिकवणी आईवडिलांचीही

स्वमग्न मुलांना शिकवण्याचं काम मी करते. मुलाला घेऊन आलेले आईवडील बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, 'हा बोलायला कधी लागेल?' मी त्यांना विचारते, 'तुम्ही दोघं शिकायला कधी येणार?'

हा प्रश्न काहींना लागतो. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हे मत खोडून काढलं. तेव्हा पालकांना बोलावणं म्हणजे दोष देणं नव्हे.

मग बोलवायचं कशाला? ईवार लोवास यांनी उपचार केलेल्या मुलांची पुढची हकिकत १९७३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आईवडिलांना प्रशिक्षण मिळालं, त्या मुलांचं शिकलेलं टिकलं. जी संस्थेत परत गेली, त्यांची पीछेहाट झाली. लोवास त्या काळी शिक्षाही करत. ती वाट आज सोडून द्यायची, हा धडा मात्र घ्यायचा.

घरात काय घडतं पाहा. मुलाला बिस्किट हवंय, पण शब्द नाहीत. तो किंचाळतो. शेजारी काय म्हणतील, म्हणून आजी पटकन बिस्किट देते. मूल शिकतं, किंचाळलं की मिळतं. आम्ही त्याला चित्राचं कार्ड हातात द्यायला शिकवतो. कार्ड दिलं की लगेच बिस्किट. पण घरी किंचाळण्यालाच दाद मिळाली, तर तो कार्ड कशाला उचलेल? बिस्किट नाकारायचं नाही, मागण्याची सोपी रीत द्यायची. सुरुवातीला किंचाळणं वाढूही शकतं. नेमकं तेव्हाच आजीसकट सगळ्यांचं एकमत हवं.

यासाठी बडे तज्ज्ञच हवेत असंही नाही. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत थोडी वेगळी, पण सूत्र हेच. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. मुलं आपणहून आईवडिलांकडे अधिक वळू लागली.

वडिलांना एक विनंती. सगळा भार आईवर टाकू नका, रोज अर्धा तास तुमचाही असू द्या. आणि मूल आनंदानं हात फडफडवत असेल, कुणाला इजा होत नसेल, तर ते थांबवण्यात शक्ती घालवू नका. त्याला आधी पाणी मागता येऊ दे, 'नको' म्हणता येऊ दे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)