डावा पाय
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या ग्रुपवर माझ्याबद्दल दोन बातम्या फिरल्या. पहिली, ही विमानातून पडली. दुसरी, ही वाचली. दुसरी बरोबर आहे. पहिलीत दुरुस्ती करते : पडले नाही, उडी मारली, तीही पैसे भरून, आणि एकदा नाही तर नऊ वेळा. आयोजकांनी मला जिद्द आणि ध्येय यावर बोलायला सांगितलंय. ते मला जमणार नाही. नऊ उड्यांत मी काय शिकले ते सांगते. खरं सांगायचं तर मी हवेत पालथं पडून राहायला शिकले, बस.

हे वेड डोक्यात कुठून आलं, असं सगळे विचारतात. पुण्याच्या शीतल महाजन तुम्हाला माहीत आहेत. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, २४०० फुटांवरून. २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर मारली. २०११ ला पद्मश्री मिळाली. पण आमच्या घरात त्या पोचल्या त्या फेब्रुवारी २०१८ मध्ये, पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा. तो व्हिडिओ बघून माझ्या आईनं विचारलं, "अगं, पण हिनं पदर कसा सावरला असेल?" सगळे हसले. मी मात्र त्या प्रश्नात अडकले. ताशी १९० किलोमीटरचा वारा अंगावर घेताना एक सुटा काठसुद्धा माणसाला फिरवू शकतो, हे मला नंतर कळलं. आईचा प्रश्न एकदम तांत्रिक होता.

तर मी पट्टायालाच गेले. चाळिशी ओलांडल्यावर, नवऱ्याला "बघायला चाललेय" असं सांगून. तो आज समोर बसलाय, त्याला हे आत्ता कळतंय.

आठ पायऱ्यांचा कोर्स. पहिला दिवस पूर्ण जमिनीवर. सगळ्यांत आधी शिकवतात ती कमान. ओटीपोट पुढे ढकलायचं, मान वर, हात खांद्यांच्या रेषेत बाजूला पसरलेले, कोपरात वाकलेले, गुडघे थोडे दुमडलेले आणि पावलं मागे ताणलेली. कशासाठी? तुम्ही पंगतीतला द्रोण कधी उंचावरून टाकलाय? कसाही सोडा, येताना तो बुडाकडून खाली येतो. पत्रावळ मात्र सपाट, ती हेलकावे खात, कलंडत येते. माणसानं द्रोण व्हायचं. ओटीपोट हा त्याचा बूड. कमान नीट असली की तुम्ही पाठीवर पडलात तरी वारा तुम्हाला उलटा करून पोटावर आणतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लिओ व्हॅलेंटिन नावाच्या फ्रेंच माणसानं ही ठेवण घडवली, त्याआधी लोक बहुतेक कोलांट्या खातच पडायचे.

सिमेंटवर सतरंजी टाकून पालथं पडून तासभर ही कमान केली. मला एकदम सोपी वाटली. योगासनांतलं धनुरासन आणि शलभासन यांच्या मधलं काहीतरी.

१३,००० फूट म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई. दार उघडलं की पोटात खड्डा पडेल अशी माझी खात्री होती, तो पडत नाही. विमान आधीच वेगात असतं, त्यामुळे वारा खालून नाही, समोरून येतो, आणि तुम्ही त्याच्यावर छाती टाकता. दहाएक सेकंदांनी तो हळूहळू खालून यायला लागतो आणि मग पडल्यासारखं वाटतच नाही. कुणीतरी हवेच्या गादीवर ठेवल्यासारखं वाटतं. ५५०० फुटांवर, म्हणजे साधारण कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर, पॅराशूट उघडायचं. मधे मिळतात सुमारे ४५ सेकंद. पहिल्या दोन उड्यांत दोन्ही बाजूंनी प्रशिक्षक धरून होते आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. सायकल शिकताना बाबा मागून धरायचे, तेव्हाही मला असंच वाटायचं.

तिसऱ्या उडीत ते सोडतात.

सोडलं. दोन सेकंद छान गेली. मग समोरचा समुद्रकिनारा सरकायला लागला. आधी वाटलं वारा आहे. मग सूर्य तोंडावरून गेला. पुन्हा किनारा, पुन्हा सूर्य. मी गोल फिरत होते. अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं : अंग आवळलं. दात, मुठी, पोट, सगळं. जितकं आवळलं तितकी गिरकी वाढली. ताठ अंग वाऱ्याला वाट देत नाही, छोटी चूकसुद्धा धरून ठेवतं. चाकणला आमच्याकडे वाकडा शाफ्ट फिरवला की डायल गेजचा काटा नाचतो, तसं माझं झालं होतं. प्रशिक्षकानं येऊन पकडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं ताणून धरली. त्याचा अर्थ पाय लांब कर. मी केला. उजवा. जो आधीच बरोबर होता.

आणि या सगळ्यात मी मनगटावरचं उंची दाखवणारं घड्याळ एकदाही बघितलं नाही. पॅराशूट त्यानं उघडलं, मी नाही.

खाली उतरून मी हसत होते. व्हिडिओ लावला आणि हसू गेलं. डावा पाय टाचेपासून दुमडून जवळजवळ बैठकीला लागला होता. मी म्हटलं, शक्य नाही, माझे दोन्ही पाय सरळ होते. प्रशिक्षक काही बोलला नाही, त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला. रोज दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट काढून रिजेक्ट करणारी बाई मी, आणि माझा स्वतःचा पाय कुठे आहे हे मला कळत नव्हतं. पाठीमागे असतो, दिसत नाही, आणि भीतीत तर त्याची जाणीवच राहत नाही.

मग तो पायाबद्दल नाही, घड्याळाबद्दल बोलला. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाला, नवशिक्यासाठी क्रम ठरलेला आहे : पॅराशूट उघडणं पहिलं, योग्य उंचीवर उघडणं दुसरं, स्थिर असताना उघडणं तिसरं. तू तिसऱ्याच्या मागे लागून पहिली दोन सोडलीस. म्हणजे गोल फिरत असलीस तरी उंची आली की उघडायचं. नीट व्हायची वाट बघत बसायचं नाही.

नुसतं फिरणं किती घातक ठरू शकतं, याचं एक उदाहरण मी नंतर वाचलं. जोसेफ किटिंजर हा अमेरिकन हवाई दलातला अधिकारी. नोव्हेंबर १९५९ मध्ये बलूनमधून ७६,००० फुटांवरून त्यानं उडी मारली. तिथली हवा इतकी विरळ की कमान उपयोगाची नाही, म्हणून स्थिर ठेवायला एक छोटं पॅराशूट दिलं होतं. तेच त्याच्या मानेभोवती गुंडाळलं. मिनिटाला १२० फेरे घेत तो बेशुद्ध झाला. राखीव पॅराशूट आपोआप उघडलं म्हणून वाचला, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये १,०२,८०० फुटांवरून पुन्हा उडी मारली. मला त्याच्या धाडसापेक्षा एका गोष्टीचं बरं वाटलं : गिरकीत कुणीही सापडू शकतो.

पण त्या रात्री हे माहीत नव्हतं. हॉटेलात मी परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का ते बघत होते. पलंगावर पालथी पडले, कमान केली आणि मान वळवून पाय बघितले. सरळ. डोळे मिटून पुन्हा केलं आणि मोबाइलनं फोटो काढला. डावा वाकडा. दहा वेळा केलं, सात वेळा वाकडा. आणि मग मला एकदम आपलं मैदान आठवलं. पंधरा ऑगस्टची कवायत, मनोऱ्याच्या दुसऱ्या थरात मी, आणि मागून पीटीच्या सरांची छडी घोट्यावर टक् टक्. "डावा पाय! कुठाय तुझा डावा पाय?" सर, तुम्ही तीन वर्षं विचारलंत. मला वाटायचं तुम्ही उगीच मागे लागलात.

सकाळी प्रशिक्षकानं उपाय सांगितला तो इतका साधा की मला राग आला. हवेत पायाकडे बघायचं नाही, बघता येत नाहीच. दोन्ही पावलं एकमेकांवर दोनदा आपटायची. टाळी वाजवल्यासारखी. पाय एकमेकांना भेटले म्हणजे दोन्ही कुठे आहेत ते कळलं, तिथून सारखेच बाजूला करायचे. आणि गडबड झाली तर चार गोष्टी, याच क्रमानं : उंची बघ, कमान कर, पाय बघ, सैल सोड. मी त्या मराठीत पाठ केल्या. इंग्रजीत घाबरायला वेळ लागतो, मराठीत लगेच घाबरता येतं आणि लगेच सावरताही येतं, असा माझा अनुभव.

चौथी उडी म्हणजे पुन्हा तिसरीच पायरी. सोडलं. किनारा सरकायला लागला. घड्याळ : ९०००. ओटीपोट पुढे. पावलं, टक् टक्. आणि मग सगळ्यांत अवघड काम, तोंडानं फुंकर मारून श्वास सोडला आणि खांदे सैल टाकले. किनारा सरकत होता तो मंद झाला. मग थांबला. त्याच्यावरची एक पांढरी होडी माझ्या नाकासमोर आली आणि तिथेच राहिली. किती वेळ? घड्याळाप्रमाणे आठ-नऊ सेकंद असतील. मी काहीच करत नव्हते. ६००० ला हात हलवून इशारा केला, ५५०० ला मी उघडलं. या वेळी मी.

उतरताना तोल जाऊन चिखलात बसले, ते व्हिडिओत आहे, बघायला मिळणार नाही.

कमान कशी असते ते मी करून दाखवणार आहे. खालच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्यात. ज्यांना पालथं पडून बघायचं असेल त्यांनी जेवणाआधी या, नंतर जमत नाही. सर, तुम्ही पण या. छडी मी आणलीय.